वरून चांगलाच दिसते

"काल तं चांगला होता!" भास्करदादा गेल्याची बातमी घेऊन आलेल्या प्रल्हादचं, माझ्या मधल्या भावाचं, पहिलं वाक्य हे. तेराव्यापर्यंत ज्यानं त्यानं मला हेच ऐकवलं. चांगला दिसत होता, कधी उलटून बोलला नाही, देवमाणूस... माझं डोकं फिरायचं. अरे, त्याला कसं आहे म्हणून कोणी विचारलं होतं का?

वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात होता तेव्हापासून दादाचं खामगावात रेडिओदुरुस्तीचं दुकान. वीज तेव्हा मोठी लहरी. दिवे मधूनच भगभगायचे, मधूनच मिणमिणायचे. दादा रेडिओत एक काचेची नळी बसवायचा. जादा वीज ती स्वतःतून जाऊ द्यायची, जांभळी चमकत राहायची, अन् रेडिओला बेताचीच मिळायची. पुढं तेच काम ज्वारीच्या दाण्याएवढा झेनर डायोड करू लागला. दादाला त्याचं केवढं कौतुक! "हा उलटा लावा लागते, सुमे. ठरल्या व्होल्टेजपर्यंत वीज अडवून धरते. त्याच्या वर गेली का दार उघडते, अन् जादाचं सारं आपल्या अंगावर घेते." सहा व्होल्टचा अन् नऊचा झेनर दिसायला सारखेच. बॅटरी अन् मीटर लावून तो एकेक ताडून पाहायचा. नुसत्या नजरेवर कधी विसंबला नाही.

एकदा प्रल्हादनं आपला ट्रान्झिस्टर जीपच्या बॅटरीवर चालवायला झेनर थेट जोडला. झालं, जळाला. "काऊन बे, याच्या आंधी वीज आवरायले रेझिस्टन्स नाही लावला? सारा लोंढा एकट्यावर सोडला तं जळनच ना थो!" दादानं तो जळका झेनर तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकला. जळके तो वेगळेच ठेवायचा. म्हणायचा, "वरून चांगलाच दिसते. चुकून लावल्या जाईन."

घरात मात्र दादाच्या आधी कोणीच उभं नव्हतं. बाबांचा तापट स्वभाव, वावराचा कोर्टकज्जा, दोन्ही भावांची शिकायला ठेवलेली पोरं... सगळं थेट त्याच्यावर. वावरापायी आमच्या गावाहून, पिंपळगाव राजाहून, निरोप आला की दुकान बंद करून निघायचा. छातीत दुखायचं ते सांगायचा फक्त बायकोला, कमलवहिनीला. त्या बोलल्या की प्रल्हाद हसायचा, "दादाले काय धाड भरली?"

तेराव्याची पंगत उठल्यावर हाच प्रल्हाद म्हणाला, "बाबा आता वहिनीपाशीच राह्यतीन. सवय हाये त्याईले." निर्लज्जपणा तरी किती! मी तोंड उघडणार, तोच वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, बाबाची वळकटी तुमच्या जीपमंधी ठेवली. तुमच्या पोराईचे कपडेही बांधले हायेत."

हेच दादा असताना झालं असतं तर...

निघताना वहिनींनी ती तंबाखूची डबी माझ्या हातावर ठेवली. आत बरेच झेनर. एकावरही डाग नाही, तडा नाही. जीपपाशी उभ्या प्रल्हादसमोर मी मुद्दाम उघडून धरली.

त्यानं वाकून पाहिलं. म्हणाला, "चांगले तं हायेत!"