शिंदीचं लग्न, भाऊंच्या हस्ते

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, याचे हर्सूलमध्ये ठरलेले मार्ग आहेत. सकाळी तळ्याच्या बाजूला हात हलवत चालावं, नाहीतर देवळाच्या ट्रस्टवर जाऊन भांडावं. बद्रीनाथ तुपे यांनी हे दोन्ही नाकारले आणि झाडांची लग्नं लावायचं मनावर घेतलं. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून हयात घालवलेल्या माणसाला ही अवदसा कुठून आठवली, हे त्यांच्या पत्नीला, केसरबाईंना, कधीच कळलं नाही. "लोक रिटायर झाल्यावर काशीला जातेत, आमचे हे शिडीवर गेले," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

मूळ कारण अंगणातली शिंदी. घर बांधलं तेव्हा देवगाव रंगारीच्या ओढ्याकाठून उपटून आणलेलं ते रोप. कित्येक वर्षं तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला काटे टोचण्यापलीकडे काही केलं नाही. मग एका थंडीत तिच्या शेंड्यातून तलवारीच्या म्यानासारखं काहीतरी बाहेर आलं, फुटलं आणि आतून फुलांचा पांढुरका झुपका निघाला. तुपेसाहेबांनी मोबाइल उघडला. (कचेरी सुटली तरी ‘साहेब’ सुटलं नव्हतं.) मोबाइलनं सांगितलं की या कुळात नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या फुलाची पिठी मादीवर पडली तर फळ धरतं. अंगणातली मादी होती. आणि खजूर हा शिंदीचा अगदी जवळचा भाऊबंद. खजुराची पिठी हातानं शिंदीवर टाकली तर संकर होतो.

त्या वर्षीचा बहर वाचण्यातच गेला. पण साहेबांच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. शिंदी आपल्याकडच्या उन्हाला भीक घालत नाही, पण तिचं फळ म्हणजे बी आणि वर नावापुरती साल. खजुराला गर भरपूर, पण पिकायच्या वेळी पाऊस लागला की सडतो. दोघांचं जमलं तर ऊनपाऊस सोसणारं आणि गराचं झाड मिळेल. त्याचं नावसुद्धा ठरलं होतं: बद्री खजूर. इथं हसू नका. आयुष्यभर त्यांनी टिपणं लिहिली आणि खाली सही दुसऱ्याची झाली. या जगात एक तरी वस्तू आपल्या नावाची असावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि ते त्यांना फार मनापासून हवं होतं.

पुढच्या वर्षी तयारी चोख. सावंगीकडच्या एका मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर शोभेचे खजूर होते, त्यात एक नर निघाला. मालकाला विचारून साहेबांनी त्याचा तुरा कापून आणला, सावलीत वर्तमानपत्रावर वाळवला, झटकला आणि पिवळी पिठी डबीत भरून फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवली. डबीवर ‘खाऊ नये’ असं लिहिलं. इकडं शिंदीचं म्यान फुटायच्या आधीच त्याला कागदी पिशवी बांधली, म्हणजे वाऱ्यावरून भलत्याच शिंदीची पिठी यायला नको. लग्न ठरलेल्या मुलीवरही इतका पहारा आपल्याकडे फारच थोड्या घरांत बसतो.

कॉलनी जमली. पहिली शंका आली की साहेब शिंदीची दारू गाळणार. ती मिटल्यावर खरा प्रश्न निघाला.

"पोरं शिंदीची म्हणायची का खजुराची?" शेजारच्या कडुबांनी विचारलं.

"दोघांची," साहेब म्हणाले.

"असं कसं? बापाचीच जात लागंल की."

"मंग आईनं निस्तं वज्झं वाहायचं व्हय?" केसरबाई आतून म्हणाल्या. यावर पुरुषमंडळींनी विषय बदलला.

कॉलनीचे अध्यक्ष गोकुळशेठ. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि शहरातला कोणताही कार्यक्रम आपल्यावाचून अडतो अशी त्यांची समजूत आहे. ते म्हणाले, "तुपेसाहेब, एवढं लई मोठं काम, आन् गुपचूप करता? राजेंद्रभाऊंच्या हस्ते करू. फ्लेक्स लावू. तुमचा फोटो टाकू, कोटातला. खाली लिहू, पामतज्ज्ञ."

राजेंद्रभाऊ म्हणजे वॉर्डातले कायमचे इच्छुक उमेदवार. साहेबांनी नाही म्हणायला हवं होतं. फूल कुणाच्या सवडीनं उमलत नाही, हे त्या कॉलनीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. पण ‘पामतज्ज्ञ’ हा शब्द कानात शिरला आणि माणूस विरघळला. शिवाय कचेरीत त्यांनी एकही काम पाहुण्याच्या हस्ते नारळ फुटल्याशिवाय सुरू झालेलं पाहिलं नव्हतं. पत्रिका छापल्या. ‘संकर सोहळा’ असं वर लिहिलं आणि खाली ‘वेळेवर येणाऱ्या विषयांसह’.

ठरल्या दिवशी भाऊ तिकिटाच्या कामासाठी मुंबईला गेले. गोकुळशेठ म्हणाले, उद्या. त्याच सकाळी पिशवीच्या आत म्यान फुटलं होतं. आता फूल दोन-तीन दिवस पिठी घेणार, मग नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी ते एका साखरपुड्यात अडकले.

साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. जेवण गेलं नव्हतं. केसरबाईंनी फ्रिजमधून डबी आणून त्यांच्या पुढ्यात आदळली.

"चढा आन् टाका. कोन बघतंय? भाऊ आले की त्यांच्या हातानं पुन्हा टाका."

"ते खोटं होईल गं. पत्रिकेत ‘भाऊंच्या हस्ते’ छापलंय."

"झाडाला वाचता येतंय का पत्रिका?"

जिथं थोडं खोटं चाललं असतं, तिथं या गृहस्थाला सचोटीचा झटका आला. डबी पुन्हा फ्रिजमध्ये गेली.

भाऊ दोन दिवसांनी आले, तेव्हा फूल तांबूस पडलं होतं. ढोल वाजले. पिशवी सोडली. भाऊ शिडीवर चढले, दोन कार्यकर्त्यांनी शिडी धरली, एकानं भाऊंना धरलं. साहेबांनी ब्रशवर पिठी घेऊन वर दिली.

"हे फोटोत दिसत नाय," खालून फोटोग्राफर ओरडला. "काहीतरी रंगीत द्या!"

रंगीत म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना सांगावं लागत नाही. निकालाच्या आशेनं गाडीत कायम ठेवलेलं गुलालाचं पोतं आलं. भाऊंनी ब्रश खिशात घातला आणि दोन मुठी गुलाल शिंदीच्या तोंडावर फेकला. टाळ्या झाल्या. साहेबांनीही वाजवल्या. हातातली डबी कडेच्या खुर्चीवर ठेवली, कारण टाळीला दोन्ही हात लागतात.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाऊंचा फोटो आला. पामतज्ज्ञांचा कोपर आला.

फळ धरलं नाही. वाटाण्याएवढे पोकळ मणी लागले आणि गळून गेले. साहेबांना ते अपेक्षित होतं, तरी रोज सकाळी मणी वेचून ते एकेक फोडून पाहायचे. पण गोष्ट तिथं संपली असती तर बरं झालं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर गोकुळशेठ दारात.

"साहेब, दिवाळीनंतर भाऊंचा वाढदिवस. रोपं वाटायचीत. किती तयार होतील?"

साहेबांनी तोंड उघडलं. फळच धरलं नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्यापुढचा प्रश्न आला असता की का धरलं नाही. मग गुलाल, मग भाऊ, मग आपण वाजवलेल्या टाळ्या. "होतील की बरीच," ते म्हणाले.

आणि देवगाव रंगारीच्या ओढ्यावर जाऊन त्यांनी साध्या शिंदीच्या बिया पोतंभर गोळा केल्या. त्या पाण्यात भिजवल्या, चिकटलेली साल चोळून काढली, नारळाच्या काथ्याच्या ओलसर भुशासकट पिशव्यांत बांधून गच्चीच्या उबेला ठेवल्या. फूल जमलं नाही, पण बी रुजवण्यात साहेबांचा हात खरोखर चांगला होता. बीमधून आधी मुळीसारखा पांढरा देठ खाली गेला, मग गवताच्या पात्यासारखं एकच पान वर आलं. शिंदी असो, खजूर असो, लहानपणी सगळे असेच दिसतात. ओळख पटायला वर्षं जातात.

वाढदिवसाला रोपं वाटली. जातीचं नाव गोकुळशेठनी परस्पर ठरवलं होतं: राजेंद्र खजूर. प्रत्येकाला प्रमाणपत्र, त्यावर ‘अस्सल संकर’ आणि खाली तुपेसाहेबांची सही. आयुष्यात पहिल्यांदा सही त्यांची होती आणि नाव दुसऱ्याचं. कडुबांनी रोप उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "बघा, पान जरा रुंदच हाय. बापावर गेलंय."

पुढच्या थंडीत शिंदी पुन्हा फुलली. यावेळी साहेबांनी कुणाला सांगितलं नाही. म्यान फुटलं त्याच दिवशी, उजाडायच्या आत ते शिडीवर चढले. शिडी केसरबाईंनी धरली. पिशवीला बारीक भोक पाडून आत नव्यानं आणलेली खजुराची पिठी फुंकली आणि भोक चिकटपट्टीनं बंद केलं. उन्हाळ्यात घोस लागला, फळं पिकली, बिया कडक निघाल्या. पाऊस ओसरायच्या सुमारास कुंड्यांमधून एकेक हिरवं पातं वर आलं. साहेब रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. हाच तो बद्री खजूर. त्यांनी मोठ्यानं नावही घेऊन पाहिलं, पण कुणी ऐकत नाही ना ते बघून.

एक दिवस कडुबा फाटकातून आले. मागोमाग गोकुळशेठ. साहेबांचा जीव फुलला. त्यांनी दोन उत्तम कुंड्या उचलून पुढं केल्या. "घ्या, घरी लावा. यंदाची आहेत."

कडुबांनी हात मागं घेतला. "नको साहेब. आमच्याकडं भाऊंचं वरिजिनल हाय. सर्टिफिकेटवालं. तुमचीच सही हाय की त्याच्यावर."

गोकुळशेठनी कुंडीत डोकावून पाहिलं. त्यांचा आवाज बदलला. "साहेब, हे भाऊंच्या रोपाचं डुप्लिकेट तर नाही ना करत तुम्ही? बाजारात विकायबिकायला?"

केसरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता बोला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. साहेबांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा हातातल्या कुंड्यांकडं.

"नाही हो," ते म्हणाले. "साधी शिंदीच आहे. अंगण झाडायचे फडे करायला होईल."