यंदा देगलूरात फेरी निघाली नाही

"सुनी, यंदा नाताळची फेरी न्हाई निघणार," एस्तेर फोनवर म्हणाली.

"का गं?"

"कोणाला तरी वाईट वाटंल म्हणून."

"कोणाला?"

"ते काय माहीत न्हाई बा. ठरलंय तसं."

दोन दिवसांनी मी नांदेडचं तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "आता कशाला जातेस? ज्यासाठी जायचं तेच नाही." त्याचं बरोबर होतं. पण इतकी वर्षं "पुढच्या नाताळला नक्की" म्हणत राहिले, आणि आता ते पुढचं वर्ष येईलच याचा भरवसा वाटेना.

वडील तहसील कचेरीत होते, त्यामुळे माझी दहावीपर्यंतची वर्षं देगलूरला गेली. आमचं भाड्याचं घर ख्रिस्ती वस्तीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. त्या वस्तीला गावात सगळे नुसतं 'कंपाउंड' म्हणतात. एस्तेर तिथली. शाळेत माझ्या बाकावर बसायची आणि भूगोलात माझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायची. नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला कंपाउंडातली मंडळी बाहेर पडायची. गळ्यात अडकवलेली पेटी, ढोलकी, टाळ आणि बांबूवर कागदाच्या चांदण्या. बाजारातून फिरत, ओळखीच्या दारांपुढे थांबत जायची. दोन गाणी, त्या घरासाठी एक छोटी प्रार्थना, चहा, आणि पुढे. गाणी सगळी मराठी, चाली थेट भजनाच्या. आई त्या संध्याकाळी दारात दुसऱ्यांदा सडा टाकायची. आम्ही देशस्थ, घरात सोवळंओवळं बऱ्यापैकी. पण फेरी दारात आली की वडील पायातल्या चपला काढून उभे राहायचे. पुढे बदली झाली. नंतर मी कुठंही राहिले तरी डिसेंबरात हवा कोरडी झाली की ती ढोलकी आठवायची.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुण्याहून नांदेडला रात्रभराची रेल्वे आहे आणि ट्रॅव्हल्सही भरपूर आहेत. मला रेल्वे बरी वाटते, पाय पसरता येतात. नांदेडला सकाळी उतरलात आणि हाताशी वेळ असला तर गुरुद्वाऱ्यात जाऊन या. लंगरमध्ये गरम जेवण मिळतं आणि तुमचं नावगाव कोणी विचारत नाही. तिथून देगलूरला एसटी सतत असतात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास चहा-भज्यांच्या खर्चात होतो. डिसेंबरात या रस्त्यावर डाव्या बाजूची खिडकी पकडा. तुरीची शेतं पिवळी पडत आलेली असतात, मधूनच हरभरा कोवळा हिरवा, वेचणी उरकत आलेल्या कापसाचे पांढरे ठिपके. रस्ता आता रुंद झालाय. नरसीला गाडी थांबली तर उतरून भजी खा, मिरची मागून घ्या.

शेजारी नायगावचे एक शेतकरी बसले होते. नांदेडला जाऊन नवा चष्मा करून आणला होता आणि तो सारखा काढून पुसत होते.

"कुठं निघालात, ताई?"

"देगलूरला. नाताळला."

त्यांनी माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघितलं. "तुम्ही त्यातल्या न्हाई वाटत."

"नाही. मैत्रीण आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग स्वतःहूनच म्हणाले, "मला इचाराल तर ती लाल टोपी घालून पोरं शाळेत नाचून राहिलेत ना, ते काय पटत न्हाई. आपली पद्धत न्हाई ती. खटकतंय."

मला हे ऐकून जरा बरंच वाटलं. ज्याला वाईट वाटतं तो माणूस पहिल्याच बसमध्ये भेटला असं वाटलं. मी विचारलं, "आणि गावातले ख्रिस्ती लोक गाणी म्हणत दारी आले तर?"

"आमच्याकडं येतेत की," ते म्हणाले. "दोन घरं हायेत गावात. करंज्या देऊन जातेत. त्येंच्यावर कशाला राग? ते आपलेच." आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

एस्तेर स्टँडवर आली होती. आमच्या भेटी लग्नाकार्यात, धावत्या झालेल्या. आता तिचे केस निम्मे पांढरे झालेत. ब्लाउज शिवण्याचं तिचं काम घरातच चालतं. नवरा प्रकाश पंचायत समितीत आहे, फेरीत ढोलकी त्याचीच असायची. घरात शिरल्या शिरल्या तळणाचा वास आला. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, दिवाळीला आमच्याकडे होतं तेच सगळं. जेवायला ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. ढोलकी कपाटावर होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, सकाळी मी म्हटलं, "चल, विचारू तरी. कोणाला वाईट वाटतं ते कळू दे." एस्तेर यायला तयार नव्हती. "तुला लई हौस," म्हणाली, पण पायात चपला घातल्या.

पहिल्यांदा चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. तरुण आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातून नुकतेच आलेले. त्यांनी खुर्च्या दिल्या आणि हळू आवाजात सांगितलं, "मनाई कोणी केली नाही. नोटीस वगैरे काही नाही. बाजारातल्या मेडिकलवाल्या गोविंदरावांनी काळजीपोटी सुचवलं, की यंदा आतच करा. म्हणून चर्चच्या पंचमंडळींनी तसं ठरवलं."

गोविंदरावांचं दुकान जुनंच आहे. लहानपणी आम्ही तिथून खोकल्याच्या गोळ्या घ्यायचो. ते मला ओळखून हसले, पण विषय काढल्यावर काउंटरवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या नीट लावत बसले.

"म्हटलं खरं मी. मोबाइलवर येतंय ना, इकडं हे झालं, तिकडं ते झालं. म्हटलं, आपल्या गावात कशाला नसती भानगड."

"गावातलं कोणी बोललं का?"

"न्हाई. तसं नाव घेऊन सांगा म्हणाल तर कोणी न्हाई."

"तुम्हाला खटकतं?"

"मला?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "माझी दोन्ही पोरं यांच्याच मिशनच्या शाळेत शिकली. मला कशाला खटकंल? पण लोकांचं सांगता येत न्हाई."

त्या सकाळी हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं. चहाच्या हॉटेलात, पानपट्टीवर, स्टेशनरीच्या दुकानात. मला काही नाही, पण लोकांचं सांगता येत नाही. हे लोक कुठं राहतात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एस्तेर माझ्या मागे दोन पावलं उभी राहायची आणि प्रत्येक ठिकाणी पदर सारखा करायची.

शेवटी लक्ष्मीअक्कांकडे गेलो. अक्कांचं बांगड्यांचं दुकान बाजाराच्या मधोमध आहे. नवरा गेल्यापासून त्याच एकट्या चालवतात. माहेर तेलंगणातलं, म्हणून बोलण्यात तेलुगू मिसळलेली.

"रा अम्मा, कूर्चो," म्हणत त्यांनी गादीवर जागा केली. मी हाच प्रश्न विचारला, तर हातातला बांगड्यांचा तोडा खाली ठेवून म्हणाल्या, "हाव. मला आलाय राग."

एस्तेर दचकली.

"मागल्या वर्षीपर्यंत माझ्या पायरीवर येऊन गाऊन गेले. यंदा न्हाई येणार म्हणून मला बाहेरून कळतंय. मला इचारलं कोणी? माझ्या दाराला काय झालंय?"

त्यांच्या घरासाठी दरवर्षी मोठ्यानं प्रार्थना करणारी, त्यांच्या नवऱ्याचं नाव घेणारी तेवढीच माणसं होती, हे मला नंतर एस्तेरनं सांगितलं.

परतताना मी खुशीत होते. "बघ, अख्ख्या गावात एकालाच राग आलाय, तोही फेरी निघत नाही म्हणून. पाळकसाहेबांना सांगू. आज संध्याकाळी काढा म्हणावं."

एस्तेर कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबली.

"सुनी, तू सकाळपासून सगळ्यांना इचारून राहिली, तुम्हाला वाईट वाटतं का, तुम्हाला खटकतं का. चांगली माणसं हायेत, चांगलंच बोलले. आम्हाला कुठं इचारलंस, भीती वाटते का म्हणून?"

तिनं पदर सारखा केला.

"तू उद्या पुण्याला जाशील. मला इथंच ब्लाउज शिवायचेत. कोणी काही बोललंच एखादं, तर ते मला वर्षभर कानात घेऊन बसावं लागतंय. राग आलेला एक जण पुरतो गं. आणि तो कोण, हे आधी कळत न्हाई."

ती रागावली नव्हती, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं. मी माझ्या लहानपणाची एक संध्याकाळ परत मागायला आले होते, आणि तिची जोखीम तिनं घ्यावी अशी माझी अपेक्षा होती. मी पुन्हा विषय काढला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिच्या ओट्यावर करंज्यांचे डबे भरत बसलो. आत चर्चमध्ये लहान मुलांचा कार्यक्रम चालला होता, दारं लावून. बाजाराच्या बाजूनं फक्त रिक्षांचा आवाज येत होता. प्रकाश दोनदा उठून गेटापर्यंत गेला आणि परत आला.

नाताळच्या सकाळी उपासना झाली. नव्या साड्या, अत्तराचा वास, सगळे एकमेकांना ख्रिस्ती रीतीनं "सलाम" करत होते. मंडळी अंगणात रेंगाळत असताना गेटासमोर एक रिक्षा थांबली. त्यातून लक्ष्मीअक्का उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. रिक्षावाल्यानं दुकानातली प्लास्टिकची खुर्ची काढली आणि रस्त्याच्या कडेला मांडली. त्याच्या दुसऱ्या हातात अक्कांचा चहाचा मोठा थर्मास.

पाळकसाहेब पुढे धावले. "आत या ना, अक्का."

"मी आत येत न्हाई," अक्का खुर्चीत बसत म्हणाल्या. "तुम्ही माझ्या दारी येता न्हवं? यंदा असं समजा, दार इथं आणलंय."

कोणीच हललं नाही. पाळकसाहेबांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. चहाच्या हॉटेलातले दोघेतिघे उठून बघायला आले होते. गोविंदराव स्कूटरवरून चालले होते, ते थांबले आणि काय झालं म्हणून विचारू लागले.

मी एस्तेरकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

तिनंच सुरू केलं. एकटीनं, पेटीशिवाय, थोड्या चिरक्या आवाजात. दुसऱ्या ओळीला दोघीतिघी मिसळल्या. प्रकाश घराकडे पळाला आणि ढोलकी घेऊन आला, चादर अजून एका बाजूनं लोंबत होती. सगळे गेटापर्यंत आले. गेटाच्या बाहेर कोणी पाऊल टाकलं नाही. गाणारे आत, अक्का बाहेर, मध्ये जमिनीवरची गेटाची पट्टी. दोन गाणी झाली. मग पाळकसाहेबांनी डोळे मिटून अक्कांच्या घरासाठी प्रार्थना केली. नवीन असल्यामुळे त्यांना अक्कांच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं. एस्तेरनं ते मागून हळूच सांगितलं. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि थर्मास उघडला.

गोविंदराव शेवटपर्यंत स्कूटरवर बसून होते. जाताना एस्तेरला म्हणाले, "बाई, करंज्या पाठवा. दरवर्षी येतेत." ती म्हणाली, "पाठवते."

वाईट वाटून घेणारं कोणी आलं नाही. कदाचित कुठंतरी आहे. मला भेटलं नाही एवढंच मी सांगू शकते.

त्याच दुपारी निघाले. देगलूरहून उदगीर आणि तिथून लातूर, दोन्हीकडे एसटी मिळतात. उदगीरला किल्ला बघण्यासारखा आहे, अर्धा दिवस ठेवा. लातूरला पुण्याच्या गाडीपर्यंत वेळ होता म्हणून बाजारात फिरले. सुशीला खाल्ला, कुरमुऱ्यांचा हा प्रकार पुण्यात असा जमत नाही. एका कपड्यांच्या शोरूमसमोर लाल डगला घातलेला सांताक्लॉज घंटी वाजवत उभा होता. लोक पोरं त्याच्या कडेवर देऊन फोटो काढत होते. गर्दी ओसरल्यावर मी त्याला विचारलं, "कोणी काही बोलतं का हो तुम्हाला, हे घालता म्हणून?"

त्यानं दाढी खाली ओढली. पन्नाशीचा माणूस, कपाळावर गंध. "मला कोण काय बोलंल, ताई? मालकानं उभं केलंय. लोक खूश होऊन राहिलेत." मग दाढी वर केली आणि पुढच्या मुलाकडे वळला.

हसावं की काय करावं कळेना. कोणाचाच नसलेला असा हा सण भर रस्त्यात घंटी वाजवत होता. आणि ज्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते गेटाच्या पट्टीपाशी थांबले होते.

आता पुण्याला येऊन महिना होत आला. फोटो लावलेत, त्यात गेट दिसतंय. लोक विचारतात, मग कशी झाली ट्रिप? चांगली झाली म्हणते. जा म्हणते, डिसेंबरात जा, हवा सुंदर असते.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. एस्तेर मला स्टँडवर सोडायला आली तेव्हा आम्ही बाजारातून चालत गेलो. दुकानांतून हाका येत होत्या, "एस्तेरबाई, नाताळच्या शुभेच्छा," कोणी हिंदू, कोणी मुसलमान, सगळे मनापासून. ती सगळ्यांना हसून उत्तर देत होती. पण प्रत्येक हाकेला ती आधी वळून बघायची, कोण आहे ते, आणि मगच हसायची. शाळेतून येताना याच रस्त्यावर मी तिला मागून हाक मारायची. ती चालता चालताच, मान न वळवता, "ओ" द्यायची.

फेरी मला हवीच आहे. पण पुढच्या वेळी देगलूरला जाईन ती तिचा तो "ओ" ऐकायला.