मामंजींची काळी

आमच्या मामंजींच्या गाडीजवळ जायचं, तर आधी हातातलं, कमरेचं सगळं काढून ठेवावं लागे. अंगठी, घड्याळ, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, सगळं. पाहुणा कितीही मोठा असो, मामंजी पितळी तबक घेऊन ओट्यावर उभे. "ठेवा यात, मंग पाहा गाडी." स्वतः गाडी धुताना ते बिनगुंड्यांची बंडी घालत, कारण गुंडी लागली तर रेघ पडते. आमच्या घरात साप निघाला तर एवढी धावपळ होत नसे, जेवढी गाडीवर रेघ निघाली की होई.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हा मी चिखलीहून सून म्हणून पिंपळगाव राजाला आले. घरी कापसाची शेती, बैल, विहीर, आणि गोठ्याच्या पलीकडे पडवीत ही काळीकुळकुळीत, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी शर्यतीची मोटार! खामगावला कापूस घेणारा कुणी साहेब विलायतेला परत जाताना मामंजींना विकून गेला होता. गाव तिला नुसतं 'काळी' म्हणे. गाडी वाऱ्याशी पैज मारणारी, पण रस्त्यावरचा खडा उडून रंगाला लागेल या भीतीने मामंजी तिला चालवत नसत, हिंडवत. एकदा ह्यांना शेजारी बसवून खामगावला निघाले, तर वांग्यांची बैलगाडी पुढे निघून गेली. हे म्हणाले, "बाबा, बैलगाडी पुढे गेली ना!" मामंजी शांतपणे म्हणाले, "जाऊ दे बे. तिले कुठं रंग हाय?"

"काळ्या रंगावर सारं दिसते," असं त्यांचं म्हणणं. कोरड्या फडक्याने धूळ झटकणारा माणूस त्यांच्या लेखी पापी. "धूळ म्हंजे बारीक वाळू. पुसली का घासली. पाण्यानं उतरव तिले." पाणी गाळून घेत, त्यात रिठ्याचा फेस करत, हात वरून खाली, गोल कधी नाही. मग सावलीत पत्रा गार झाला की डब्यातलं मेण लावत. कावळा शिटला तर भरल्या ताटावरून उठायचे. दसऱ्याला सगळ्या गावाच्या गाड्या हळदीकुंकवाने माखत, आमच्या काळीवर मात्र मामंजी विड्याचं पान ठेवत आणि कुंकू त्या पानावर वाहत.

फडकं मात्र आमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या लुगड्याचंच लागे. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं मामंजी स्वतः फाडत, काठ उसवून टाकत, तुकडा गालावरून फिरवून पाहत आणि मगच गाडीला लावत. सकाळचा सगळा वेळ ते काळीपाशी. आत्याबाई चहा घेऊन जायच्या, कप पायरीवर ठेवायच्या आणि हातभर लांब उभ्या राहून बघायच्या. मला म्हणायच्या, "पाह्य वं सूनबाई, माहं लुगडं चालते, मी नाही चालत." हसून म्हणायच्या, पण त्यांना फार वाटे. नवऱ्याचा जीव जिथे गुंतलाय तिथे एकदा तरी आपला हात लागावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. दुसरं काही त्या बाईने कधी मागितलं नाही.

अडचण बांगड्यांची. गाडी आली त्या दिवशी आत्याबाईंनी कौतुकाने दारावर हात ठेवला आणि काचेच्या बांगडीने रेघ ओढली. मामंजी ओरडले नाहीत, पण कितीतरी दिवस नीट बोललेही नाहीत. पाहुण्यांच्या अंगठ्या काढून घेणारा माणूस बायकोला बांगड्या काढ म्हणू शकत नव्हता. सवाष्णीने भुंडे हात करायचे कसे? एकदा आत्याबाईच म्हणाल्या, "घडीभर काढून ठेवते म्हंते मी. कोन पाहून राह्यलं?" मामंजींच्या हातातला तांब्या खाली पडला. "येडी झाली काय वं! माह्या जिवावर उठली काय?" पुन्हा तो विषय निघाला नाही. बांगड्या मामंजींच्या आयुष्यासाठी, आणि बांगड्या आहेत म्हणून आत्याबाई लांब. मला तेव्हा मामंजींचा राग यायचा. पत्र्याचे एवढे लाड, आणि घरची लक्ष्मी पायरीवर उभी!

मग मामंजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आम्ही त्यांची बाज ओट्यावर टाकली, तिथून काळी दिसे. कापूस वेचणीचे दिवस, गाड्यांनी उडवलेली धूळ रोज तिच्यावर बसायची. हे घाईघाईत बादलीभर पाणी मारून मोकळे व्हायचे, आणि मामंजी भिंतीकडे तोंड करायचे. तो उंचपुरा माणूस तसा पडलेला बघवत नसे.

एके दिवशी सकाळी बघते, तर आत्याबाई पडवीत! मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, बांगड्या सगळ्या आत, समोर रिठ्याच्या पाण्याची बादली. मामंजी टक लावून बघत होते. म्हटलं, आता होतं भांडण. पण त्यांनी डावा हात हलवला. "काढ... त्या चिंध्या."

"आवो, रेघा पडतीन!"

"पडू दे. काढ."

आत्याबाईंनी चिंध्या सोडल्या आणि हिरव्या बांगड्यांसकट काळीला हात लावला. काच पत्र्यावर किणकिणली, तशी त्या दचकून मामंजींकडे वळल्या. ते म्हणाले, "वरून खाली. गोल नको." रडत रडत त्यांनी सगळी गाडी धुतली.

त्यानंतर रोज. मामंजी बाजेवरून सांगायचे, आत्याबाई करायच्या. "दिव्यापाशी पाह्य, तिथं फेस राह्यला." "हाव, पाह्यला." उभ्या जन्मात त्या दोघांना मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. रेघा पडत गेल्या. दारावर, पुढच्या झाकणावर, सकाळचं ऊन तिरपं आलं की सगळ्या दिसायच्या. हे एकदा चिडले, "बाबा, रंगाची पार वाट लागली!" मामंजी म्हणाले, "लागू दे बे. कोनं पुसली ते दिसते मले."

थंडी संपायच्या आत मामंजी गेले. बायकांनी आत्याबाईंना विहिरीपाशी नेलं आणि बांगड्या फोडल्या. मी तिथे थांबू शकले नाही. गोठ्यात जाऊन रडले.

आता त्यांना कोण अडवणार होतं? हात मोकळे, गाडी दारात. पण आत्याबाई पुन्हा पडवीत गेल्या नाहीत. काळीवर धूळ साचली, कोंबड्या बसू लागल्या. शेवटी ह्यांनी ती खामगावच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाला विकायचं ठरवलं. त्याने गाडीभोवती फिरून दारावर बोट फिरवलं. "लई ओरखडे आहेत. घासून नवा रंग मारतो, आरशासारखी करतो." आत्याबाई दाराआडून बाहेर आल्या. परक्या माणसापुढे कधी न बोलणारी बाई म्हणाली, "राहू द्या ना तशाच. काय खातात त्या रेघा?" पोरगा हसला. त्याला काय कळणार! आणि आम्हीही त्याला काय सांगणार होतो?

पुढे आत्याबाईंचे डोळे दाखवायला मी त्यांना खामगावला नेलं. बाजारात एका दुकानासमोर काळी उभी! मामंजींच्या चांगल्या दिवसांतही एवढी लखलखली नसेल. आत्याबाई चालत गेल्या आणि जुन्या सवयीने हातभर अलीकडे थांबल्या. मी म्हटलं, "लावा हो हात, कोण काय म्हणतंय?" त्यांनी मान हलवली.

"सूनबाई, मले अंधुक दिसते. तू पाह्य बरं. दारावर एखांदी तरी राह्यली काय."

मी वाकून पाहिलं. तिरपं होऊन पाहिलं, दिव्यापाशी पाहिलं, झाकणावर पाहिलं. काळ्या रंगात माझंच तोंड दिसत होतं.

"नाही हो आत्याबाई. एकही नाही."

त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "काम चांगलं केलं त्यानं. त्यायच्या मनासारखं." आणि दवाखान्याच्या वाटेला लागल्या.