माझ्या मापाचं चिलखत

मला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्यामुळे धावणं, ओझं उचलणं, थंडीत हिंडणं, तहानलेलं राहणं, सगळं वर्ज्य. थोडं जास्त झालं की आतून कोणी पिळून काढावं तशी हाडं दुखतात. माझी मोठी बहीण याच दुखण्यात गेली. तेव्हापासून आई माझ्याकडे बघते ती उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी.

अशा माणसाने जुन्या काळच्या लढाया करणाऱ्या मंडळात कशाला जावं? पण मी गेलो. गोंदियातली काही हौशी माणसं, सुटीच्या दिवशी गोंड राजवटीतल्या शिबंदीच्या शिपायांसारखी राहणारी. तसेच कपडे, तसंच चुलीवरचं जेवण, हातात लाकडी तलवारी. पुढारी म्हणजे शिकवणी वर्गात इतिहास शिकवणारे एक सर. मंडळाला चिलखतं हवी होती आणि मला बसून करायचं काम. कुंपणाची तार सळईवर गुंडाळायची, कापून कड्या करायच्या, एकीत दुसरी ओवून पक्कडीने दाबायची. गोंदियाजवळच्या फुलचूर गावी, आमच्या घराच्या ओसरीत बसून मी चिलखतं केली आणि ती घालून दुसरेच मिरवले. मग एक माझ्या मापाचं केलं. दुखण्याबद्दल मंडळात अवाक्षर काढलं नाही. एक दिवस तरी मला धडधाकट माणसांत मोजलं जायचं होतं, बाकी काही नाही.

आईने ते उचलून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"एवढं लोखंड घालून कायले जाऊन राहिला बापा? मराले?"

"खेळ आहे आई," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं.

हिवाळ्यात आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी लढाई ठरली. आसपासच्या गावची माणसं बघायला जमली होती. आमचे नियम कडक. मैदानात प्लॅस्टिकची बाटली नाही, मोबाइल नाही, आजच्या काळाचं काहीच नाही. पाणी वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात, तेही लांब झाडाखाली. चिलखत चढवल्यावर लघवीला जाणं म्हणजे दिव्य, म्हणून सकाळपासून मी घोटभरच प्यायलो होतो. उभा राहिलो तेव्हा छाती फुगली होती हे मात्र खरं. सर म्हणाले, "शोभतोस!" त्या एका शब्दावर मी पहिल्या चढाया मारून नेल्या.

मग मांड्या आणि पाठ एकदमच पेटली. मी आडवा झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरचा गडी माझ्यावर तलवार रोखून हळूच म्हणाला, "अबे, इतक्यातच काऊन मरून राहिला? तुले त शेवटी मराचं हाय." मी ओरडलो. टाळ्या वाढल्या. असा राग मला आयुष्यात कशाचा आला नव्हता, आणि ओरडण्यापलीकडे काही करताही येत नव्हतं.

शेवटी माझ्या तोंडाचा रंग बघून त्याला कळलं. चिलखत डोक्यावरून काढायचं तर माझे हात वर जाईनात. पक्कड आणून मंडळातल्यांनी ते छातीवर उभं कापलं. कड्या मीच घट्ट दाबलेल्या, वेळ लागला.

दवाखान्यात सलाइन लागलं, रक्त चढलं, दुखणं हळूहळू उतरलं. सर भेटायला आले. आईसमोर त्यांना धड बोलता येईना. "काकू, आम्हाला माहीतच नव्हतं हो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मंडळ सोडू नकोस. तुला धावायचं काम देणारच नाही. लढाई सुरू व्हायच्या आधीच तुला मैदानात झोपवून ठेवू. पडलेला शिपाई. प्रेतं तर लागतातच." आवाज खरंच मायेचा होता.

आई उठून उभी राहिली.

"एक मुडदा पाह्यला मी घरात," ती म्हणाली. "ह्या पोराले खेळातबी कोणी मुडदा नाही बनवाचा. जा तुमी."

सर मान खाली घालून गेले. आई पलंगाच्या कडेला बसून माझे पाय चोळत राहिली. सरांवर रागावून मी गप्प आहे असं तिला वाटलं असेल. मी रागावलो नव्हतो. मी हो म्हणणार होतो.