औशाचा पाणी महाल आणि उशाशी तांब्या

हौसेने किल्ले आणि निजामकाळातल्या इमारती बघत फिरणारा, पण दगडी छताखाली पाच मिनिटं न टिकणारा माणूस बघायचा असेल तर मला भेटा. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. औशाकडचं आमचं दगडमातीचं घर आमच्यावरच बसलं. मला बाहेर काढलं, पण भीतीही माझ्याबरोबर बाहेर आली. यंदा लेकीने, श्रावणीने, नीटच्या क्लाससाठी लातूर धरलं. हॉस्टेल मिळालं ते चौथ्या मजल्यावर. "सोडायला येतच आहात तर तुमचा औसा दाखवा," ती म्हणाली.

आम्ही आता नांदेडला राहतो; तिथून एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारपर्यंत लातूरला पोचवते. बायका-मुलींना अर्धं तिकीट. अहमदपूरला चहा बरा मिळतो, भजी मात्र कढईतून निघताना दिसली तरच घ्या.

संध्याकाळी गंजगोलाई. गोल इमारत आणि तिच्यापासून फुटलेले सोळा रस्ते. एकीकडे सराफ, एकीकडे चपला, कुठे मिरचीचा खकाणा. श्रावणी सज्जे बघत होती, मी भेगा.

"बाबा, तुम्ही बाजार बघून राहिलात का इन्स्पेक्शन करून राहिलात?"

लॉजवर झोपण्याआधी मी नेहमीचं काम केलं. उशाशी घरून आणलेला तांब्या उपडा, त्यावर पेला उपडा, पेल्यावर चमचा. जमीन हलली की आधी चमचा पडतो, आपण पळायचं. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी असंच चालायचं. बाकीच्यांनी सोडलं, माझं सुटलं नाही. श्रावणीने हसत फोटो काढला. मला फार बरं वाटलं. ही भीती माझ्यापाशीच संपावी, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी औसा. लातूरहून एसटी सारख्या असतात. किल्ला सखल जागेत, खंदकापाशी जाईपर्यंत नीट दिसतही नाही. आत पाणी महाल आहे, हौदाच्या खाली बांधलेला. मी पायऱ्यांवरच थांबलो.

"जावा की साहेब," राखणदार म्हणाला. "वर पानी, खाली महाल. थेंब टपकतेत, पर काय व्हत न्हाई. भूकंपात बी हे हललं न्हाई."

श्रावणी उतरली. थोड्या वेळाने तिचा आवाज येईना. हाक मारली, उत्तर नाही. मग मीच उतरलो. अंधारात ती भिंतीला तळहात लावून उभी होती.

"काय करतेस गं?"

"बघत होते, हलतं का."

चेष्टा करतेय असं समजून मी हसलो आणि तिला घाईने वर आणलं.

हॉस्टेलमध्ये तिने खिडकीजवळचा पलंग सोडून दाराजवळचा घेतला. सारखी ये-जा राहील, मी म्हणालो. राहू दे, ती म्हणाली. निघताना मला पोचवायला खालपर्यंत आली आणि जिन्याकडे नीट बघत परत गेली.

नांदेडला घरी येऊन बॅग उपसली. तांब्या नाही, पेला नाही, चमचाही नाही. लॉजवर विसरलो का, हे विचारायला श्रावणीला फोन लावला.

"माझ्याकडे आहेत," श्रावणी म्हणाली. मग हळू आवाजात, "बाबा, चमचा सारखा पडतोय. हलका ठेवायचा की जड?"

तिला काय सांगू नये, हे मी एवढी वर्षं ठरवत आलो होतो.

"हलका," मी म्हणालो. "आणि पलंगाला टेकवू नकोस."