मास्तरीणबाईंची काथवट

मास्तरीणबाई खाली पडलेला पावाचा तुकडा उचलून त्याचा मुका घ्यायच्या आणि मगच खायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. मग आठवलं, भाकरीला पाय लागला तर आपण तरी काय करतो?

इथे परदेशात, प्लेनो गावात, आमच्या शेजारी त्या एकट्याच राहायच्या. पूर्वी लिथुआनियात शाळेत भाषा शिकवायच्या. मी चौथी पास. दोघींचं इंग्रजी मोडकं, त्यामुळे जमलं. पावाला त्या ‘दुओना’ म्हणत. "हा शब्द आणि तुमचं धान्य एकाच घरातले," त्या सांगत. "आणि दुओना तुमच्या भाकरीसारखी बाईच, स्त्रीलिंगी." एकदा मी कुंपणावरून ‘दुओना द्या’ म्हटलं, तर सबंध पाव घेऊन आल्या.

"थोडी हवी तर शब्दाचं शेपूट बदलायचं. दुओनोस म्हण."

"म्हणजे मी हावरट?"

"नाही. चौथी नापास."

पाव राईच्या, म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारख्या एका धान्याच्या पिठाचा, लाकडी काथवटीत आंबवलेला. मागच्या वर्षी त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. घराची किल्ली माझ्याकडे होती. स्वयंपाकघर आवरायला गेले तर काथवटीला जुनं पीठ चिकटलेलं, वर आंबूस वास. खरकटं भांडं मला बघवत नाही. गरम पाणी ओतून घासली, उन्हात वाळवली आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

घरी आल्यावर त्यांनी काथवटीतून हात फिरवला आणि खुर्चीत बसल्या. त्या चिकटलेल्या पिठातच विरजण होतं, त्यांच्या आईपासून चालत आलेलं. ती काथवट कधीच धुवायची नसते.

"मला शिव्या द्या," मी म्हटलं.

त्यांनी काथवट माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "आईचं गेलं. पीठ आण."

राईचं पीठ कोमट पाण्यात कालवून झाकून ठेवलं. पहिलं नासलं. दुसऱ्यात मी मूठभर ज्वारीचं पीठ घातलं. आठवड्याने बुडबुडे आले. मास्तरीणबाईंनी वास घेतला. "आईसारखं नाही. पण जिवंत आहे."

या उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी, दूर चँडलरला घेऊन गेली. अर्धं विरजण बरणीतून त्यांच्याबरोबर गेलं, काथवट माझ्याकडे राहिली. रडारड दोघींनीही केली नाही. दर शनिवारी फोन येतो, "आंबलं का?"

परवा सून काथवट उचलून निघाली. "आई, ही डिशवॉशरला लावू?"

"हात लावशील तर बघ!"

ती दचकली. मग ताज्या पावाकडे बघत राहिली.

"तुकडा हवाय ना?" मी म्हटलं. "नीट माग. दुओनोस म्हण."