जुवावरचा दिवा

पवनीतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी एकट्याने उभं केलं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा लग्नांसाठी व्हिडिओ कॅमेरा घेतला. एकदा त्याच्यासमोर रिमोट दाबला, तर डोळ्यांना न दिसणारा रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात पांढरा ठिपका होऊन चमकला. मला शंकरपट, आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, आठवला.

आदल्या वर्षीच्या पटात माझी बैलजोडी दुसरी आली होती. वेळ मोजायचं घड्याळ माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या हातात होतं, आणि पहिली जोडी त्याच्या सासुरवाडीची. माझी जोडी पोचल्यावर त्याने घड्याळ उशिरा दाबलं, असं मी चारचौघांत बोललो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

या वेळी रिमोटचे चार दिवे मी जुवाच्या मधोमध बसवले. धुळीत बैल दिसत नाहीत, ठिपका दिसला असता. मग टेपवरची वेळ आणि दादाचं घड्याळ समोरासमोर. पंच कुरकुरले.

"कॅमेरा नाही, तर जोडी घरी," मी म्हटलं. माझी जोडी बघायला लोक येत. पंचांनी मानलं.

ऊन उतरलं होतं. मी मचाणावरून टेप सुरू केली, ठिपका स्वच्छ होता. तेवढ्यात वहिनी ताट घेऊन आली. बोलणं बंद असलं तरी जोडीची पूजा तिचीच असे. बैलांना टिळे लावले, मग जुवाला मधोमध ओली हळद थापली. ठिपका गेला. मी ओरडलो, पण जोडी सोडायचा झेंडा पडला होता. कॅमेऱ्यात नुसती धूळ.

जोडी पुन्हा दुसरी. मी खाली उतरलो.

"तुमाले कोणं शिकवलं हे? दादानं?"

"काय झालं भाऊजी? दरवर्षी लावतो ना मी."

"मुद्दाम लावली तुम्ही!"

"आता हळदीले लायसन लागते काय, शेठ?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

वहिनीने ताट खाली ठेवलं. पदराने जू पुसलं, नुसता डाग उरेपर्यंत नाही, पार लाकूड दिसेपर्यंत. दादा घड्याळ मुठीत धरून उभा होता.

"चाल वं," एवढंच तो तिला म्हणाला.

पुढच्या वर्षी ताट आलं नाही. ठिपका शेवटच्या दोरीपर्यंत दिसला. दुकानात टेप तीनदा फिरवली. दादाच्या घड्याळाची वेळ बरोबर होती.

मला काहीच वाटलं नाही. दादाचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. टेप कपाटात ठेवली आणि एक रेडिओ उघडून बसलो.